माठ सांगेल तसा कूलर
(घराचं हवामान : लेखांक 6)

शेवगावला माझ्या आत्याचं घर आहे. जुनं माळवद पाडून बांधलेल्या दोन खोल्या आणि वर स्लॅब. मे महिन्यात रात्री साडेनऊला जेवणं आटोपतात, तेव्हा अंगणात झुळूक सुटलेली असते आणि आत मात्र पंख्याखाली बसवत नाही. पंखा फिरतो तो वरची धग खाली लोटत. आत्या म्हणते, "दिवसाचं ऊन आता घरात उतरतंय बघ."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. स्लॅब दिवसभर उष्णता पितो, ती सिमेंटमधून हळूहळू खाली सरकते आणि आतल्या बाजूला पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो. पत्र्याचं घर याच्या उलट. पत्रा दुपारी बारालाच भाजून काढतो, पण सूर्य बुडाला की तासाभरात निवतो. म्हणून पत्र्याच्या घरातली माणसं दुपारी झाडाखाली जातात आणि स्लॅबच्या घरातली रात्री गच्चीवर.

"एसी घेऊ की कूलर?" हा प्रश्न नगर जिल्ह्यातून मला सर्वांत जास्त विचारला जातो. कमी पैशात घर गार करायचं असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी छप्पर, मग पंखा, मग कूलर, आणि एवढं करूनही भागलं नाही तर एसी. हा क्रम उलटा करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांतलं एक आमचंच होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला, पण डोक्यावरचा स्लॅब उघडाच ठेवला. एसी रात्रभर धापा टाकत राहिला आणि बिलाचा आकडा पाहून वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

छपराला एवढं महत्त्व का, हे आकड्यांत पाहू. नगर शहर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ नसतंच, सगळं छतावर कोसळत असतं. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर, म्हणजे तिच्या छतावर अकरा किलोवॅट ऊन. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो. छतावरचं सगळं ऊन आत येत नाही हे खरं, पण सामना कुणाशी आहे ते यावरून कळावं.

उघडा करडा स्लॅब त्या उन्हाचा मोठा भाग पोटात घेतो. त्यावर चुन्याचे दोन-तीन हात दिले तर बराच भाग आल्या वाटेने परत जातो. चुना चाळून घ्यायचा, रात्रभर भिजवायचा, टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल किंवा डिंक मिसळायचा आणि मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, संध्याकाळी लावायचा. पावसात तो धुपतो, दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. ज्यांना दरवर्षीचं काम नको त्यांनी छतासाठीचा पांढरा परावर्तक रंग घ्यावा. तो महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. आणखी एक सोपा मार्ग म्हणजे रोपवाटिकेतलं जुनं शेडनेट. ते स्लॅबवर अंथरू नका. दोन-तीन फूट उंच ताणून बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली थोडी फट सोडून छत ठोका आणि वरची गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना वाट ठेवा. पत्र्यावर उसाचं पाचट टाकायची पद्धत आहे आणि त्याने गारवाही येतो. पण एक ठिणगी पडली तर घर जातं. मी कुणाला ते सांगणार नाही.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. माळवदाचा मातीचा जाड थर ऊन इतक्या सावकाश आत सोडायचा की ते पोचेपर्यंत रात्र गार झालेली असायची. नगरच्या आग्नेयेला निजामशाहीतला फराहबाग उभा आहे. 1583 मध्ये पूर्ण झालेला हा महाल तलावाच्या मधोमध बांधला होता : जाड भिंती, मध्यभागी उंच घुमटी दालन आणि चारी बाजूंना पाणी. लांबून खापरी नळांनी पाणी आणणाऱ्या त्या नगरात, पाण्यावरून येणारा वारा गार असतो हे हिशेबात धरून इमारत रचली गेली.

पाण्यावरून येणारा वारा गार का लागतो, हे समजलं की कूलरही समजतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि पाणी ती हवेतून उचलतं. माठाचंही तेच. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की साधारण 0.67 युनिट एवढी उष्णता शोषली जाते. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर म्हणजे जवळजवळ एक टनाच्या एसीइतकं गारवा देण्याचं काम, आणि त्यासाठी वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पंपाला. पण हवा कोरडी असेल तरच. मेमधल्या दुपारी पारा 40 वर असेल आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता 20 टक्के, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देतो. जुलैत पारा 32 आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर तोच कूलर जेमतेम तीन-साडेतीन अंश उतरवतो आणि वर अंग चिकट करतो.

म्हणून कूलर घ्यावा की नाही हे माठाला विचारावं. ज्या महिन्यांत तुमच्या घरातल्या माठाचं पाणी चांगलं गार लागतं, त्या महिन्यांत तुमच्याकडे कूलर चालणार. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मार्च ते मे ही खात्री आहे. श्रीरामपूर-राहात्याच्या कालव्याखालच्या उसाच्या भागात थोडं कमी. अकोल्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या अंगाला, मुळात रात्री निवतात. तिथे पंखा पुरतो.

कूलर बसवताना होणारी मोठी चूक म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणं. कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून हवा आणि समोरची खिडकी किंवा दार अर्धं उघडं. हवा एका बाजूने आली आणि दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात खोलीत दमट वाफ कोंडते. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरे क्षार चढतात, त्यामुळे टाकीत पाणी नुसतं भरत राहू नका. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी ठेवा. त्याने क्षारही जातात आणि डेंग्यूच्या डासाची अळीही वाढत नाही. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय तो चालू करूच नका, आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच असू द्या. ओल्या पत्र्यात उतरलेल्या करंटने दर उन्हाळ्यात माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरणारी बाई किंवा जवळ खेळणारं पोर. चारशे-पाचशे रुपयांच्या वायरीसाठी हे व्हावं, याची मला चीड येते.

आता पाणी. दिवसाला दहा तास म्हणजे पन्नासेक लिटर, तीन हंडे तरी. नळाला पाणी असलेल्या घरात हे काही नाही. पण जिथे मेमध्ये टँकरची वाट पाहतात, तिथे ते तीन हंडे कुणाच्या तरी कमरेवरून येतात. बहुधा घरातल्या बाईच्या. अशा गावात मी कूलर सुचवत नाही. तिथे चुना, शेडनेट आणि चांगला पंखा यांवरच पैसे घालावेत.

पंखा मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. साधा छताचा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा 30 ते 35 वॉट. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला 27 युनिटांऐवजी बाराच्या आसपास. किंमत हजारभर रुपये जास्त, पण गावाकडे त्याचे आणखी दोन फायदे आहेत. व्होल्टेज पडलं तरी तो मंदावत नाही, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी दुप्पट वेळ पुरते.

कूलर 180 वॉटचा धरला आणि दहा तास चालवला तर महिन्याला 54 युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी कडक उन्हाळ्यात सरासरी तासाला एक युनिट धरा, आठ तासांचे महिन्याला 240. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात. नव्वद युनिट वापरणारं घर एसीमुळे एकदम तीनशेच्या पलीकडे जातं. पुढच्या टप्प्यात गेलं की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असा समज आहे. तसं नाही, वरच्या युनिटांनाच तो लागतो. तरीही तो झोंबतो.

मग एसी कधी? एकाच खिडकीच्या फ्लॅटमध्ये, जिथे वारा आरपार जातच नाही. घरात दमट हवेचा त्रास होणारं किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तेव्हा. एसीचा नियम कूलरच्या उलटा : फटी बुजवा, दार लावा. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट असलेल्या खोलीत एसी बसवणं म्हणजे अंगण गार करणं. खोली 120 चौरस फुटांची असेल तर एक टन पुरतो. वरच्या मजल्यावर, चुना दिलेला नसेल, तर नाही पुरत. पारा 18 वर नेऊ नका, 26 वर ठेवा आणि पंखा सोबत लावा.

ताऱ्यांचं गणित मात्र दुकानात नीट सांगत नाहीत. एसीवरच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं आणि तो आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेला असतो. नगरच्या घरात एसी साठ रात्री, आठ तास चालला तर 480 तास होतात. म्हणजे लेबलवरच्या आकड्याच्या तीस टक्के. तीन आणि पाच तारे यांच्या लेबलांत समजा 250 युनिटांचा फरक असेल, तर तुमची वर्षाची बचत 75 युनिट. तेवढ्यासाठी आठ-दहा हजार जादा मोजायचे का, हे ज्याने त्याने पाहावं. मी तीन तारे घेऊन उरलेले पैसे छपरावर घालीन.

छपरावर आणखी एक गोष्ट ठेवता येते, सौर पॅनेल. फेब्रुवारी 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60 हजार, तीन किंवा जास्तला 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि पॅनेलची सावली स्लॅबवर पडते ती वेगळीच. पण हातात पैसे कमी असतील तर हे पहिलं पाऊल नाही.

हिवाळ्याचं काय? नगरला डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली जातो. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं सोडली तर घोंगडी आणि गोधडी पुरते. हीटर घ्यायचाच तर भारीतल्या भारीसाठी पैसे मोडू नका. तांबड्या कांडीचा असो, पंख्याचा असो की तेल भरलेला, एका युनिट विजेची उष्णता सगळ्यांत सारखीच. फरक सुरक्षिततेचा. पोरं असतील तर तेलाचा बरा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस झोपेतच जातो. हिवाळ्यातलं ऊन फुकट आहे, तेही घ्यावं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो, क्षितिजापासून 47 अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीतून तो खोलीत खोलवर येतो. मेमध्ये त्याच खिडकीवरचा छज्जा त्याला अडवतो.

खरा हिवाळी खर्च मोरीत होतो. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. पाच माणसांच्या घरात दिवसाला जवळजवळ तीन युनिट. म्हणजे खोलीतल्या हीटरची काळजी करणारं घर दोन गिझर बिनदिक्कत चालवत असतं.

आत्याच्या घरी गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघा भावांनी चुना दिला. एप्रिलमध्ये दोन बीएलडीसी पंखे आले, मेमध्ये खिडकीतला कूलर. जूनमध्ये मृगाचा पाऊस झाल्यावर एक दिवस माठातलं पाणी कोमट लागलं, तसा आत्याने कूलर पुसून पोत्यात गुंडाळला. आता ती सोलर बंब घ्यायचं म्हणते आहे. पण तिच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या भांड्यात महिन्याभरात पापुद्रा धरतो, आणि तोच पापुद्रा सोलरच्या नळ्यांतही धरणार. पाण्याचा नमुना तपासायला दिला आहे. अहवाल आला की पुढच्या आठवड्यात जड पाणी आणि सोलर यांबद्दल लिहीन.