अपग्रेडनंतर ‘गायब’ झालेल्या डिस्क

जुन्या डेस्कटॉपमध्ये तीन-चार हार्ड डिस्क बसवायच्या, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस टाकायचं आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, आजोबांच्या वह्यांचे स्कॅन एका जागी ठेवायचे. नागपुरात धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये काय किंवा महालातल्या जुन्या घरात काय, घरगुती सर्व्हर म्हणजे एवढंच. कधीतरी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, आपण अपग्रेड करतो, मशीन पुन्हा सुरू होतं आणि यादीतल्या दोन डिस्क नाहीशा झालेल्या असतात. पुढच्या तासाभरात जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा अपग्रेडने केलेलं नसतं; घाबरून केलेल्या उपायांनी झालेलं असतं. ते उपाय ज्या गैरसमजांतून सुचतात, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे.

गैरसमज: डिस्क दिसत नाही, म्हणजे डेटा गेला.

साधं अपग्रेड लिहितं ते सिस्टिमच्या डिस्कवर. फोटोंच्या डिस्कला ते हात लावत नाही. (नव्याने इन्स्टॉल करताना चुकीची डिस्क निवडली, तर मात्र गोष्ट वेगळी.) डिस्क वापरात येते ती तीन टप्प्यांत: मदरबोर्डला ती सापडते, तिच्यावरची फाइल सिस्टिम किंवा रेड (अनेक डिस्क मिळून केलेली जोडणी) ओळखली जाते आणि मग ती एखाद्या फोल्डरवर माउंट होते. अपग्रेडनंतर अडतं ते सहसा तिसऱ्या टप्प्यावर, कधी दुसऱ्यावर. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिली आणि डिस्क आपल्या पूर्ण आकारासह दिसली, तर ती मशीनला सापडलेली आहे. ही कमांड फक्त वाचते, काही लिहीत नाही. सुरुवात नेहमी अशाच कमांडने करावी.

तिसऱ्या टप्प्यावर अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावं. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं सापडतील त्या क्रमाने देतं, आणि नव्या कर्नलमध्ये हा क्रम बदलू शकतो. ‘एफस्टॅब’ फाइलमध्ये ही नावं लिहून ठेवली असतील, तर कालची एसडीबी आज एसडीसी झाल्यावर माउंट फसतं. तिथे डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहायचा. क्रम बदलला तरी तो बदलत नाही. कधी मशीन दीड मिनिट थांबून थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि सगळंच संपलं असं वाटतं. एफस्टॅबमधली एक डिस्क सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. त्या ओळीत ‘नोफेल’ असेल, तर ती डिस्क नसतानाही मशीन सुरू होतं.

गैरसमज: रेड सापडत नाही, तर ती पुन्हा तयार करावी.

यातूनच सर्वांत जास्त डेटा गमावला जातो, असं माझं मत आहे. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची माहिती त्या त्या डिस्कवरच लिहिलेली असते. अपग्रेडनंतर रेड तिच्या नेहमीच्या नावाऐवजी ‘एमडी १२७’ म्हणून उभी राहिली, तर ती सापडलेलीच आहे. फक्त जुन्या नावाची नोंद नव्या सिस्टिमपर्यंत पोचलेली नाही. ही रेड हाताळणाऱ्या ‘एमडीएडीएम’ कमांडमध्ये ‘असेंबल’ आणि ‘क्रिएट’ असे दोन पर्याय आहेत. असेंबल आधीची माहिती वाचून डिस्क जोडतं. क्रिएट ती माहिती पुसून नवी लिहितं. डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो ती जागा एमडीएडीएमच्या आवृत्त्यांमध्ये बदललेली आहे, त्यामुळे त्याच डिस्क त्याच क्रमाने देऊनही क्रिएट केल्यावर जुने फोटो दिसतीलच असं नाही.

झेडएफएस वापरणाऱ्यांसाठी ‘झेडपूल इम्पोर्ट’ आहे. पुढे काही न लिहिता ती कमांड दिली, की सापडलेल्या पूलची, म्हणजे झेडएफएसच्या डिस्क-गटांची, यादी येते. पूल दुसऱ्या सिस्टिमच्या वापरात होता असं ती म्हणाली, तर घाबरू नये. नव्याने इन्स्टॉल केल्यावर असं होतंच. सगळं नीट उघडल्यावर ‘पूल अपग्रेड करा’ अशी सूचना दिसते. ते काम काही आठवडे लांबवावं. एकदा पूलमध्ये नवी वैशिष्ट्यं सुरू झाली, की जुन्या आवृत्तीला तो उघडता येईलच याची खात्री राहत नाही आणि परतीची वाट बंद होऊ शकते.

डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावणं हाही नेहमीचा उपाय. लिनक्सच्या ईएक्सटी४ किंवा झेडएफएस पद्धतीने लिहिलेली डिस्क विंडोजला आपोआप वाचता येत नाही. ते सरळ ‘फॉर्मॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइझ करा’ असं विचारतं. त्या प्रश्नाला नाहीच म्हणायचं. सीताबर्डीच्या दुकानात डिस्क नेलीत, तर ती लिनक्स सर्व्हरची आहे हे आधी सांगा आणि कागदावर लिहूनही द्या.

गैरसमज: फोल्डर दिसतंय, म्हणजे निदान सर्व्हर तरी चालू ठेवायला हरकत नाही.

हरकत आहे. माउंटसाठी वापरलेलं फोल्डर सिस्टिमच्या डिस्कवर असतंच. फोटोंची डिस्क त्यावर बसली नाही, की ते रिकामं दिसतं, आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रामला हा फरक कळत नाही. मोबाइलमधून येणारे नवे फोटो त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे छोट्याशा सिस्टिम डिस्कवर साठत जातात आणि ती भरली की मशीन अडखळायला लागतं. पुढे खरी डिस्क माउंट झाल्यावर हे मधले फोटो तिच्याखाली झाकले जातात. ते पुसले गेलेले नसतात. डिस्क अनमाउंट करून पाहिलं की सापडतात.

याहून वाईट घडतं ते रात्रीच्या बॅकअपमध्ये. बऱ्याच घरांत ‘आरसिंक’ दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवतं आणि ‘मूळ ठिकाणी जे नाही ते प्रतीतूनही काढ’ असं त्याला सांगितलेलं असतं. मूळ फोल्डर रिकामं दिसलं, की आरसिंक आज्ञाधारकपणे प्रतही रिकामी करतं. मूळ डिस्क तोपर्यंत धडधाकट असते, पण तिची एकुलती एक प्रत गेलेली असते. त्यामुळे डिस्क गायब दिसताच पहिलं काम म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे सगळे बॅकअप थांबवणं. दुरुस्ती त्यानंतर.

गैरसमज: नव्या आवृत्तीत जुनं सगळं चालतंच.

नेहमी नाही. राइझरएफएस ही फाइल सिस्टिम जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ६.१३ मधून काढून टाकली गेली. रेड हॅटने २०१९ साली आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत, डिस्क जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएएस २००८ चिपच्या कार्डांचा आधार काढला. सेकंडहँड बाजारातली स्वस्त कार्डं बऱ्याचदा याच चिपची असतात. अशा वेळी दोष डिस्कचा नसतो. जुन्या आवृत्तीच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून डेटा काढून घेता येतो. रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्सने ९.४ या आवृत्तीत जुन्या कार्डांचा आधार परतही आणला आहे.

गैरसमज: उन्हाने डिस्क मारली.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की नागपुरात हा तर्क सहज सुचतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचा ठळक संबंध त्यांना आढळला नाही. फार जास्त तापमानालाच तो दिसला. २०१६ मध्ये मोठ्या डेटा सेंटरांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम अधिक दिसला, आणि तोही मुख्यतः कंट्रोलर व जोडण्यांच्या बिघाडावर. आपल्याकडे घरोघरी कूलर चालतो आणि तो खोलीत दमट हवाच सोडतो. सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवू नये, हा माझा आग्रह त्यावरूनच आहे.

अपग्रेडच्या वेळी कित्येक महिन्यांनी मशीन बंद-चालू होतं, म्हणून सैल केबल किंवा दमलेला पॉवर सप्लायही त्याच दिवशी उघडा पडतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते त्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘यूडीएमए सीआरसी’ चुकांचा आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदला. मात्र अहवालात ‘पास’ आहे म्हणून निश्चिंत राहू नका: गूगलच्या त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही आधी इशारा दिला नव्हता. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा आणि ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. घरी करण्याजोगं काम तिथे संपतं. ती डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची.