अपरात्रीचें भोजन

धुळें-सोलापूर महामार्ग बीडवरून जातो. त्या वाटेनें जातांना अपरात्रीं ढाब्यावर उतरलेल्या प्रवाशानें काय मागावें? जें आपल्यादेखत विस्तवावर चढेल, तें.

याचें कारण असें. तांदळांतील कांहीं जंतूंचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहींत. तो भात तासन् तास कोमट राहिला म्हणजे जंतु वाढतात व विष उत्पन्न करतात. त्यांतील एक विष पुन्हां तापविल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. म्हणून अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण ठेवावें, अथवा मागणीबरोबर शिजवावें. बँकॉकच्या रस्त्यांवर रात्रीं गिऱ्हाइकासमोर प्रखर आंचेवर पदार्थ परततात, ही रीत या दृष्टीनें योग्यच होय.

आपल्याकडे पिठलें-भाकरी याच जातीची. ज्वारीच्या पिठांत गव्हाची चिवट लवचीकता नसते. यास्तव तें गरम पाण्यांत मळून लागलींच थापावें व भाजावें लागतें. पिठलेंहि थोडक्या वेळांत रटरटून तयार होतें.

भुकेल्या पोटीं थांबणें जड जातें खरें. परंतु गाडींत पोट धरून काढावी लागणारी रात्र त्याहून जड असते.