बेटांवरील पाली : एका कुळाच्या अनेक शाखा

प्राण्यांच्या निरनिराळ्या जाती कशा उत्पन्न झाल्या हे मुलांस समजावून देताना बहुधा जिराफाचे उदाहरण पुढे केले जाते. खेड्यातील मुलाने जिराफ पाहिलेला नसतो. पाल मात्र प्रत्येक घराच्या भिंतीवर असते. पालींच्या कुळात हा विषय इतका स्पष्ट दिसतो की दूरचे जनावर शोधण्याचे कारण नाही. त्यासाठी नकाशावर हिंदी महासागरातील मस्कारीन बेटांकडे वळले म्हणजे पुरे.

मादागास्करच्या पूर्वेस रीयुनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज ही तीन बेटे आहेत. (एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात, नकाशा दाखविताना हे सांगितल्यास मुलांचे लक्ष चटकन वेधते.) ही बेटे कोणत्याही खंडाचा तुटलेला भाग नव्हेत. ज्वालामुखींच्या उद्रेकांनी ती समुद्रतळातून वर आली. मॉरिशस पाण्याबाहेर आल्यास सुमारे ८० लाख वर्षे झाली. आरंभी तेथे केवळ खडक होता. पुढे जे जीव वसले, त्या सर्वांचे पूर्वज हवेतून अथवा समुद्रावरूनच आले.

पालीने हे शेकडो किलोमीटरांचे अंतर कसे ओलांडले असेल? चक्रीवादळात झाडे उन्मळून पडतात आणि नद्यांच्या पुराबरोबर समुद्रात वाहून जातात. त्यांच्या ढोलीत वा सालीखाली पाल टिकून राहू शकते, कारण थंड रक्ताच्या प्राण्यास अन्न फार थोडे लागते. शिवाय या कुळातील पुष्कळ जातींची अंडी चुन्यासारख्या कठीण कवचाची असतात आणि कित्येक जाती ती सालीलाच चिकटवितात. असे बहुतेक प्रवास समुद्रातच संपले असणार. परंतु लाखो वर्षांत एखादा तडीस गेला तरी पुरे होते.

मस्कारीन बेटांवर अशा रीतीने आलेल्या पालींत फेल्सुमा ही प्रजाती प्रमुख होय. आपल्या घरपालीप्रमाणे ती निशाचर नाही. ती दिवसा हिंडते, तिचा रंग बहुधा हिरवागार असून पाठीवर तांबडे ठिपके असतात, आणि कीटकांखेरीज फुलांतील मधही ती चाटते. तिची एक जात अंदमान बेटांवरही आढळते. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून मस्कारीन बेटांवरील फेल्सुमांचे मूळ मादागास्करकडे जाते आणि रीयुनियनवर ती दोन निरनिराळ्या वेळी पोहोचली, असे दिसून आले आहे.

येथे एका चुकीच्या समजुतीपासून मुलांस जपावे लागते. पालीला गरज वाटली म्हणून तिने आपले शरीर बदलले, असे सांगणे सोपे असले तरी खरे नाही. एकाच मादीची पिल्ले सर्वस्वी सारखी नसतात. ज्या पिलाचा उपजत वेगळेपणा त्या जागी उपयोगी पडतो, त्याची संतती अधिक टिकते. मूळ कळपाशी संबंध तुटलेला असल्यामुळे हे वेगळेपण पुन्हा मिसळून जात नाही; पिढ्यान् पिढ्या ते साचत राहते. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या विचाराचा गाभा हाच होय.

मॉरिशसवर याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यालगतच्या कोरड्या, खुरट्या झुडपांत एक जात राहते. दमट अरण्यात दुसरी. पश्चिमेकडील सखल भागातल्या मोठ्या वृक्षांवर तिसरी. उंचावरील रानात चौथी. दमट अरण्यातील जात रूसिया नावाच्या वेलीचे परागीभवन करते आणि तिचे बीही पसरविते. केवड्याच्या वर्गातील झाडांची दाट, काटेरी पाने हा तिचा आवडता आश्रय होय.

मात्र बेटावर घडलेला जीव बेटाबाहेरच्या शत्रूंस तोंड देण्यास तयार नसतो. १६९१ ते १६९३ या काळात रॉड्रिग्जवर राहिलेल्या फ्रान्स्वा लेगा या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की तेथील पाली जेवणाच्या मेजावर येऊन माणसांच्या हातातील खरबूज खात. त्या बेटावर फेल्सुमाच्या दोन जाती होत्या. आज एकही उरलेली नाही. दुसरीचा शेवटचा नमुना १९१७ सालचा आहे. जहाजांबरोबर आलेले उंदीर व मांजरे यांच्यापुढे असा निर्भयपणा टिकणे शक्यच नव्हते.

मॉरिशसवर आणखी एक गोष्ट घडली. तेथे नॅक्टस नावाच्या लहान निशाचर पाली होत्या. त्यांचे आप्त ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीकडील. दक्षिण आशियात सर्रास आढळणारी घरपाल जहाजांतून मॉरिशसला पोहोचली आणि तिने या पालींना कपारींच्या आसऱ्यातून हुसकून लावले. मुख्य बेटावरून त्या नाहीशा झाल्या. आसपासच्या लहान बेटांवर तेवढ्या उरल्या. आपल्या भिंतीवर निरुपद्रवी असणारा प्राणी परक्या भूमीत असा ठरतो.

मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरांवर राउंड आयलंड हे छोटे बेट आहे. तेथे उंदीर कधी पोहोचले नाहीत, म्हणून जवळजवळ ३० सेंटिमीटर लांबीची, राखी रंगाची गुंथरची पाल तेथेच वाचली. ती तेथील ताडजातीच्या झाडांवर राहते. परंतु माणसांनी सोडलेल्या शेळ्या व सशांनी रोपटी खाऊन बेट उजाड करीत आणले होते. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटविण्यात आले, तेव्हा झाडोरा पुन्हा वाढू लागला. २०१० साली तेथील काही पाली मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळील ईल ओ एग्रेत या बेटावर नेऊन सोडण्यात आल्या. एका बेटावर वादळ वा रोग आल्यास दुसरीकडे बीज राहावे, हा त्यामागील हेतू होता.