व्हिलन आधी लपवा, मग बोलू द्या!

आज बोलूया जुन्या ब्लॅक अँड व्हाइट क्राइम फिल्म्समधल्या व्हिलनबद्दल. स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मते या व्हिलन लोकांची जादू दोन गोष्टींत आहे. आधी त्यांना लपवायचं आणि मग मनसोक्त बोलू द्यायचं.

पहिलं उदाहरण, फ्रिट्झ लांगचा १९३१चा जर्मन सिनेमा ‘एम’. शहरात लहान मुलांचे खून होतायत. खुन्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस, असं पोस्टर लागलंय आणि त्याच पोस्टरवर खुन्याची सावली पडते. चेहरा नाही, फक्त सावली आणि शिट्टीवरची एक धून. बोलपट तेव्हा नवीनच होते, आणि लांगने आवाजालाच पुरावा केलं. एक अंध फुगेवाला त्या शिट्टीवरूनच खुन्याला ओळखतो.

शेवटी शहरातले गुन्हेगारच त्याला धरून त्याच्यावर खटला चालवतात. तिथे पीटर लोरे जीव तोडून सांगतो, की हे माझ्या हातात नाही, आतून काहीतरी माझ्या मागे लागतं. त्याचा गुन्हा माफ होत नाही. पण ‘मारून टाका त्याला’ म्हणणारा जमाव बघून आपणच अस्वस्थ होतो.

दुसरा, कॅरोल रीडचा १९४९चा ‘द थर्ड मॅन’. युद्धानंतरचं व्हिएन्ना, चार देशांच्या ताब्यात वाटलेलं. सिनेमा सुरू होतो तेव्हा हॅरी लाइम मेलाय असंच सगळे सांगतात. जवळजवळ तासभर आपण फक्त त्याच्याबद्दल ऐकतो. मग रात्री एका अंधाऱ्या दारात मांजर कुणाच्या तरी बुटांशी घुटमळतं, समोरच्या खिडकीतून उजेड पडतो आणि ऑर्सन वेल्स गालात हसतो. बस्स! एवढ्यात तो आपल्याला आवडून जातो.

आणि इथेच आपण फसतो. हा माणूस पेनिसिलिनमध्ये भेसळ करून विकतोय, आणि त्याने लहान मुलं मरतायत. प्राटरच्या उंच पाळण्यात बसून तो मित्राला खालची माणसं दाखवतो. त्या ठिपक्यांपैकी एखादा हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, असं विचारतो. वर प्रत्येक ठिपक्यामागे पैसे मिळणार असतील तर?

मी सॉफ्टवेअरवाला. रोज डॅशबोर्डवर लाखो युजर्स एका आकड्यात बघतो. त्यामुळे हा सीन मला जरा जास्तच लागतो. उंचावरून माणसं ठिपके दिसायला राक्षस असावं लागत नाही, नुसती उंची पुरते.

बरं, हे कळल्यावर मित्राने काय करायचं? दोस्ती निभवायची की पोलिसांना मदत करायची? व्हिलन नुसता दुष्ट असता तर हा प्रश्नच पडला नसता. तो आपल्याला आवडलाय, म्हणून हिरोचा निर्णय आपल्यालाही जड जातो.

तर या वीकेंडला दोन्हीपैकी एक तरी बघा. हेडफोन लावून, कारण ती शिट्टी नीट ऐकू यायला हवी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!