पोरांची सुट्टी की पोरांची वणवण?

पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि आपल्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग पडतो. पाहुण्यांची लग्ने, जत्रा, नवसाचे देवदर्शन, सगळे याच दीड महिन्यात. पोराला घरी कोणाजवळ ठेवायचे, म्हणून तेही बरोबर. आज टेम्पोत, उद्या एस.टी.त, परवा मोटारसायकलच्या टाकीवर. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पोरगं हडकलेलं असतं. आपण म्हणतो, "दीड महिना मोकळं होतं, तरी असं कसं?" अहो, ते मोकळं होतं कुठे?

प्रवास नकोच, असे म्हणणे नाही. ज्याने तालुक्यापलीकडे काही पाहिले नाही, त्याला समुद्र जरूर दाखवा. एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मेच भाडे पडते. 'आवडेल तेथे प्रवास' हा पास तर १९८८ पासूनचा, ४ किंवा ७ दिवसांचा. पण पास काढला की तो वसूल करायची घाई होते. दिवसभरात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा उरकायचे आणि रात्रीच्या गाडीने रत्नागिरी गाठायची! पोराला मागाहून विचारा, त्याला घाटातली ओकारी तेवढी आठवते. त्यापेक्षा एकच ठिकाण धरा, दोन रात्री मुक्काम करा.

निघायचे तर पहाटेच्या गाडीने. दुपारी १२ ते ४ पोराला उन्हात काढू नका. पाणी, ताक सोबत असू द्या. अंग तापले, पोर बरळू लागले तर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि तडक दवाखाना गाठा. लग्नाची तिथी थांबत नाही म्हणून तिथेच बसून राहू नका.

नांगरट झाली की आपण बैल दोन दिवस दावणीला ठेवतो. पोराचाही तसाच हिशेब धरा. जितके दिवस फिरला, तितके दिवस घरी. आणि घरी म्हणजे शेरडांमागे नव्हे. मुलींचे तर विचारूच नका. गावाहून आल्या आल्या तिच्या हाती कळशी नाहीतर धाकटे भावंड येते. भाऊ ओट्यावर झोपतो, ही धुण्याला जाते. तिची सुट्टी कुठली धरायची?

दुसरी काळजी शेततळ्याची. घरी कंटाळलेली पोरे भर दुपारी तिकडेच वळतात. आतला प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. खर्च फार नाही.

सरपंच आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेची एक खोली दुपारी उघडी ठेवता येईल का? कपाटात पुस्तके पडूनच आहेत. किल्ली जवळच्याच एखाद्या घरी द्या, म्हणजे कुणाला तिष्ठत बसावे लागणार नाही.