मुलगा ड्रम मागतोय?

मैत्रिणींनो, दहावीची परीक्षा आटोपली की घरोघरी मागण्या सुरू होतात. कुणाला नवा मोबाईल हवा, कुणाला गिटार. पण ‘आई, मला ड्रम शिकायचाय, आम्ही चौघं मिळून थ्रॅश मेटलचा बँड काढणार’ असं मुलगा म्हणाला की आईच्या पोटात गोळाच येतो. अभ्यासाचं काय, शेजारी काय म्हणतील, आणि ते कवट्यांचे काळे टी-शर्ट! पण एकदम ‘नाही’ म्हणण्याआधी आपल्या मुंबईतल्याच एका बँडची हकीकत वाचा. मुलगा जे मागतोय ते किती वर्षांचं काम आहे, ते तिच्यावरून कळेल.

आधी थ्रॅश मेटल म्हणजे काय ते सांगते. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केलेला, लय अतिशय जलद, ड्रम वाजवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखे कामात. गाणारा गळ्यातून घोगरा ओरडतो. प्रेमगीतं जवळजवळ नाहीतच. युद्ध, अन्याय, भ्रष्टाचार हे विषय. कानाला त्रास होतो, कबूल. पण आमच्या करावे गावात हळदीच्या रात्री बेंजो लागला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, तेव्हा ‘पोरं बिघडली’ असं कुणी म्हणत नाही!

हे संगीत अमेरिकेत १९८०च्या सुमारास आकाराला आलं. त्यातला सर्वांत गाजलेला बँड ‘मेटालिका’. लार्स उलरिक नावाच्या ड्रम वाजवणाऱ्या मुलाने १९८१ साली लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात ‘साथीदार पाहिजेत’ अशी जाहिरात दिली, त्यातून तो उभा राहिला. १९८६ साली स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि क्लिफ बर्टन हा चोवीस वर्षांचा वादक जागच्या जागी गेला. तरीही बँड टिकला, आणि ऑक्टोबर २०११मध्ये बंगळूरला वाजवून गेला. मुलांच्या डोळ्यांसमोर असतो तो हा मेटालिका. आपल्याकडची गोष्ट मात्र निराळी.

मुंबईचा ‘सेप्टर’ हा बँड १९९८ साली निघाला. ड्रम वाजवणारा अनिकेत वाघमोडे हा त्याचा कणा. पुढे माणसं बदलत गेली. असल्या बँडमध्ये ते व्हायचंच. कुणाचं लग्न होतं, कुणाची बदली, कुणी परदेशी जातो. २००८ साली त्यांची ‘चार्ड’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आली आणि पूर्ण लांबीची पहिली निघाली २०१३ साली. म्हणजे पहिल्या तालमीपासून पहिल्या मोठ्या मुद्रिकेपर्यंत पंधरा वर्षं! तेवढ्या काळात आपलं मूल बालवाडीतून पदवीपर्यंत पोचतं.

इतकी वर्षं का लागतात? आपल्या देशात या संगीताला ऐकणारे थोडे, म्हणून पैसाही थोडा. बहुतेक मुलं नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी तालीम करतात. त्यात जागेचा प्रश्न. धोबी तलावाजवळच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा कार्यक्रम भरत असे. रंगभवनाला लागूनच रुग्णालयं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र ठरलं आणि पुढे तिथले कार्यक्रम बंद पडले. आजाऱ्याच्या उशाशी गोंगाट नको, हे मलाही पटतं. पण पोरांची हक्काची जागा गेली ती गेलीच. आमच्या शेजारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१९ साली ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५मध्ये ‘कोल्डप्ले’ येऊन गेले. रस्ते तुडुंब भरले होते. तसलं मैदान आपल्या पोरांच्या वाट्याला कुठलं?

आता मला खरं सांगायचंय ते ‘सेप्टर’च्या २०१३च्या मुद्रिकेबद्दल. तिचं नाव ‘एज ऑफ कॅलामिटी’, म्हणजे संकटाचं युग. आणि विषय? आपल्या समाजात बायकांच्या वाट्याला येणारे हाल! आदल्याच डिसेंबरात दिल्लीतल्या त्या मुलीवरच्या अत्याचाराने अख्खा देश हादरला होता. विक्रीतून येणारा पैसा बँडने स्वतःकडे ठेवायचा नाही, तो मुंबईच्या वात्सल्य ट्रस्टमधल्या अनाथ मुलींसाठी द्यायचा, असं ठरवलं होतं. पंधरा वर्षं घाम गाळून काढलेली पहिली मोठी मुद्रिका, आणि तिची कमाई परक्या मुलींना! आपल्या घरातले किती पुरुष या विषयावर दोन वाक्यं बोलतात, सांगा बरं? या मुलांनी तो विषय अशा कार्यक्रमांत नेला, जिथे समोर बहुतेक तरुण मुलगेच उभे असतात. ओरडून का होईना, पण नेला.

तेव्हा मुलाने ड्रम मागितला तर आधी ड्रमसेट घेऊ नका. हजार-दोन हजारांचं रबरी प्रॅक्टिस पॅड आणि दोन काठ्या आणा. आवाज फारसा होत नाही, खालच्या मजल्यावरच्या वहिनी तक्रार घेऊन येत नाहीत. पॅडवर सहा महिने रोज अर्धा तास टिकला तर शिकवणी लावा. चौघांनी मिळून तासाच्या भाड्याने तालमीची खोली घेतली की खर्च वाटला जातो. तिथे कानात बोळे घालायला लावा. या आवाजाने ऐकू येणं खरोखर कमी होतं, आणि गेलेलं परत येत नाही. घरी रात्री दहानंतर काठ्या कपाटात.

आणि तो जे गाणं ऐकतोय त्याचे शब्द कागदावर उतरवून मागा. ओरडण्यात ते कळत नाहीत, वाचले की कळतात. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मला ही युक्ती सुचली. बीभत्स, वाह्यात काही निघालं तर तिथल्या तिथे विचारता येतं. आणि ‘सेप्टर’सारखं काही निघालं, तर चहा ठेवा आणि त्यालाच अर्थ सांगायला बसवा.