गेममुळे पोट सुटतं का? आईचं म्हणणं, माझा वजनकाटा आणि भावाचा रिपोर्ट

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि आवाज बंद करून बसमध्ये हे वाचणाऱ्यांचंही स्वागत. गेल्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न पाठवला. "दादा, घरचे म्हणतात गेम खेळून खेळून जाडा झालास. खरंय का हे?"

उत्तर द्यायला मीच योग्य माणूस आहे, कारण हे वाक्य मी दोन वर्षं रोज ऐकलंय. पण आधी एक सांगतो. मी डॉक्टर नाही. मी वाचलेलं आणि आमच्या घरात घडलेलं सांगणार आहे. औषध, तपासणी, डाएट या गोष्टी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आमच्या घरची गोष्ट

मार्च २०२० मध्ये मी पुण्याहून लॅपटॉप उचलून सांगलीला घरी आलो, तेव्हा माझं वजन होतं ७१ किलो. दिवसा ऑफिसचं काम, रात्री जेवण झालं की मी आणि माझा धाकटा भाऊ पबजी खेळायला बसायचो. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची. 'ही शेवटची' म्हणत म्हणत दोन वाजायचे. दोघांच्या मध्ये भडंगाचा डबा आणि कोल्ड्रिंकची मोठी बाटली. ऑक्टोबरपर्यंत मी ८२ वर गेलो. भाऊ मात्र होता तसाच, काडीपैलवान.

आई म्हणायची, "त्या गेमनं तुझं वाटोळं केलं." मी भावाकडे बोट दाखवायचो, "अगं, हाही खेळतोच की!" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "त्याच्या अंगाला काही लागत नाही. तुझं बघ."

मग योगायोगानं आमच्यावर एक प्रयोगच झाला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. आई खूश. आता पोरगं बारीक होणार!

जानेवारीत मी काट्यावर उभा राहिलो. ८४.

गेम गेला होता. पण रात्रीचे दोन तसेच होते, कारण त्या जागी वेबसिरीज आली होती. भडंगाचा डबाही तसाच होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आपण चुकीच्या आरोपीला पकडलंय की काय.

आकडे काय म्हणतात?

जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या तीन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. बसून गेम खेळणाऱ्यांचं वजन जास्त असतं का? त्यांनी आधी झालेले २० अभ्यास एकत्र केले. त्यात मिळून ३८ हजारांहून जास्त लोक होते. गेमचे तास आणि शरीराचं वजन यांचा संबंध निघाला ०.०९.

हा आकडा कसा वाचायचा? संबंध शून्य असेल तर आकडा ०, आणि एकदम पक्का असेल तर १. आता ०.०९ ला ०.०९ नंच गुणा. येतात ०.००८१, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. सोप्या भाषेत, माणसामाणसांच्या वजनात जो फरक दिसतो त्याचे शंभर भाग केले, तर गेमच्या तासांशी जुळणारा एक भागसुद्धा निघत नाही. आणि हा बारीकसा संबंधही मोठ्या माणसांत दिसला. मुलांत आणि किशोरवयीनांत तो ठळकपणे सापडला नाही.

हे ऐकून आईला लगेच फॉरवर्ड करू नका! थांबा. दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, ही सरासरी आहे. कोणी खेळून उठतो आणि मैदानावर जातो, कोणी खेळताखेळता अख्खा डबा संपवतो. सरासरीत दोघं एकमेकांना झाकून टाकतात. तुमच्या घरात यातला कोण बसलाय हे ०.०९ सांगत नाही.

दुसरी, संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. बाण उलटाही असू शकतो. शाळेत असताना आमच्या गल्लीत एक गुबगुबीत मुलगा होता. क्रिकेटच्या टीममध्ये त्याला शेवटी घ्यायचे, धावताना हसायचे. एक दिवस तो यायचाच बंद झाला आणि घरात गेम खेळू लागला. आता सांगा, गेममुळे तो जाड झाला, की जाड म्हणून हसल्यामुळे गेमकडे गेला? हसणाऱ्यांत मीही होतो, हेही कबूल करतो.

मग वजन वाढतं कुठून?

इथे मला सगळ्यात आवडलेला एक प्रयोग सांगतो. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ ते १९ वर्षांची, वजन नॉर्मल असलेली २२ मुलं घेतली. एका दिवशी त्यांना तासभर व्हिडिओ गेम खेळायला दिला, दुसऱ्या एका दिवशी तासभर खुर्चीत नुसतं आरामात बसवलं. दोन्ही वेळा नंतर जेवण समोर ठेवलं आणि सांगितलं, हवं तेवढं खा.

खेळताना मुलांनी नुसतं बसण्यापेक्षा थोड्या जास्तच कॅलरी जाळल्या, साधारण २१. पण जेवताना सुमारे ८० कॅलरी जास्त खाल्ल्या. आणि गंमत म्हणजे, भूक जास्त लागली होती का विचारलं तर, नाही. रक्तातली भुकेशी संबंधित हार्मोन्स तपासली, तिथेही भूक वाढल्याची खूण नाही. शिवाय दिवसभरात पुढे कुठे कमी खाऊन त्यांनी ती भरपाईही केली नाही.

म्हणजे भूक नसताना हात डब्यात जातो. हे वाचलं आणि मला आमचा भडंगाचा डबा आठवला. लॉबीत टीम जमायची वाट बघताना मूठभर, मॅच हरल्यावर वैतागून मूठभर. पोटानं एकदाही मागितलं नव्हतं.

याला जोडून अमेरिकेतला सॅन होजे शहरातला एक जुना प्रयोग आहे, १९९९ सालचा. दोन शाळांतली तिसरी-चौथीची मुलं. एका शाळेत टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम कमी करायचे धडे दिले, दुसरीत काहीच नाही. शाळेच्या वर्षाअखेरीस धडे घेतलेल्या मुलांचा बीएमआय दुसऱ्या शाळेच्या मानानं कमी वाढला. पण ती मुलं जास्त धावायला लागली होती का? तसा ठळक फरक दिसला नाही. एक गोष्ट मात्र नक्की घटली होती, ती म्हणजे पडद्यासमोर बसून केलेली जेवणं.

म्हणून, मंडळी, 'किती तास खेळतोस' याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, 'खेळताना हात कुठे असतो?'

रात्रीचे दोन

दुसरा आरोपी झोप. शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, 'पोट भरलं' सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. आणि खावंसं काय वाटलं? गोड, खारट, पिठूळ. म्हणजे आपल्या भाषेत बिस्किट, वेफर्स, वडापाव. फक्त दोन रात्रींत एवढं!

दोनला झोपून साडेसातला उठणारा मी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता क्रीमरोल का शोधायचो, ते मला तेव्हा कळलं. इच्छाशक्ती कमी आहे म्हणून मी स्वतःला शिव्या घालत होतो.

आणि मग भावाचा रिपोर्ट आला

इथपर्यंत ही माझी गोष्ट होती. खरा धक्का पुढे आहे.

२०२३ मध्ये भावाला पुण्यात नोकरी लागली. जॉइन होण्याआधी मेडिकल. काडीपैलवान, वजन ५८ किलो, उंची पाच फूट सात इंच. त्यानं मला रात्री फोन केला, "दादा, एचबीएवनसी ६.१ म्हणजे काय रे?"

मला माहीत होतं, कारण बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी दाखवते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मधलं सगळं म्हणजे उंबरठा. माझा भाऊ चोविसाव्या वर्षी उंबरठ्यावर उभा होता, आणि घरातले सगळे, मी धरून, फक्त माझ्या पोटाकडे बघत होतो.

हे कसं होतं? याचं उत्तर शोधणारे डॉक्टर आपल्याच पुण्यातले आहेत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. कागदावर दोघंही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपल्याकडे हे खूप आढळतं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढलेली आहे. २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर, याच्या आत हवा.

बसून राहण्याचा परिणाम काट्यावर दिसेलच असं नाही. पायाचे मोठे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. ते तासन् तास हललेच नाहीत तर साखर रक्तात रेंगाळते. माणूस जाड असो वा बारीक. आईचं 'त्याच्या अंगाला काही लागत नाही' हे वाक्य चुकीचं होतं. लागत होतं, फक्त दिसत नव्हतं.

मग करायचं काय?

'चालायला लावणारा गेम खेळू' म्हणाल, तर तेही करून झालंय. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा अमेरिकेतल्या तरुणांची पावलं मोजली. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं जास्त! सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे मूळ पदावर. नव्याची नवलाई संपली की संपली.

आम्ही भावांनी गेम सोडला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये तो बीजीएमआय या नावानं परत आला होता, आणि आता भाऊ पुण्यात आणि मी सांगलीत, तर गप्पा मारायची आमची जागा तीच आहे. आम्ही चार नियम केले.

एक, हातात फोन असताना तोंडात काही नाही. भूक लागली तर मॅच संपवून, ताटात घेऊन, खाली बसून खायचं. पाणी चालेल, कोल्ड्रिंक नाही.

दोन, मॅच संपली की उठायचं आणि दोन-तीन मिनिटं चालायचं. ही माझी कल्पना नाही. ऑस्ट्रेलियात १९ जास्त वजनाच्या लोकांवर प्रयोग झाला होता. दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं सावकाश चालल्यावर खाण्यानंतरची साखर सलग बसण्याच्या तुलनेत जवळजवळ चौथाईनं कमी चढली.

तीन, अकरानंतर नवी मॅच नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडतो. खोटं कशाला बोलू.

चार, दिवसातून तासभर शरीर हलवायचं, गेम असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. भाऊ संध्याकाळी बॅडमिंटन खेळतो, मी कृष्णेच्या घाटावर चालतो.

नऊ महिन्यांनी माझं वजन चार किलो उतरलं. भावाचं एचबीएवनसी ५.८ झालं. म्हणजे उंबरठ्यावरच आहे, पण घराबाहेरच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, दर वर्षी तपासत राहा. चमत्कार वगैरे काही नाही.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. हा भाग आईबाबांना ऐकवा. पोराला 'जाड्या' म्हटल्यानं तो फोन खाली ठेवत नाही, दार लावून आत जाऊन खेळतो. त्यापेक्षा जेवताना सगळ्यांचेच फोन बाजूला ठेवा, तुमचेही. आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर बारीक दिसणाऱ्या पोराचीसुद्धा साखर कधी तपासायची, ते डॉक्टरांना विचारा.

आमची आई आता काय म्हणते माहितीये? भाऊ घरी आला की आम्ही दोघं खेळायला बसतो, मॅच संपते, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "झाली ना रे? उठा आता, दोन मिनिटं!"

तर आजच्यापुरतं एवढंच. एक टेप घ्या, कमरेचा घेर मोजा, आणि आकडा कोणाला दाखवू नका हवं तर, पण स्वतः बघा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात. आणि हो, आत्ता हे वाचून झालंय, तर उठा!